गार आणि गारगोटी

(गंगापूर येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघातले काही भाग छपाईसाठी आवरते घेतले आहेत. कंसातल्या सूचना संपादकांच्या.)



समोरच्या टेबलावर दोन ताटल्या ठेवल्या आहेत. एकीत बर्फ आहे. मला खरे तर गारा हव्या होत्या, पण गारा काही सांगून पडत नाहीत. आणि पडल्या असत्या तर आपल्यापैकी कोणी इथे व्याख्यान ऐकत बसले नसते, सगळे बांधावर कपाळाला हात लावून उभे असते. २०१४ चे फेब्रुवारी-मार्च आठवत असतील. मराठवाड्यात गहू, हरभरा, मोसंबी, काही म्हणता काही धड राहिले नव्हते. तेव्हा आज फ्रीजमधल्या बर्फावर भागवू. दुसऱ्या ताटलीत गारगोट्या आहेत. लासूर स्टेशनच्या बाजूला एकाच्या विहिरीचे काम चालू आहे, तिथून मागून आणल्या. त्या परत द्यायच्या आहेत.

मराठीने या दोन वस्तू एकाच शब्दात बसवल्या आहेत. आभाळातून पडते ती गार, आणि रानात नांगराच्या फाळाला लागून खण्णकन वाजते तीही गार. तिचाच गोटा म्हणजे गारगोटी. दोन्ही पांढऱ्या, अर्ध्यामुर्ध्या पारदर्शक, हाताला थंड. नाव ठेवणाऱ्याने डोळ्यांनी पाहिले, हाताने चाचपले आणि नाव ठेवले. यात अडाणीपणा काही नाही. ग्रीकांनीही बर्फाला आणि स्फटिकाला एकच शब्द वापरला, 'क्रिस्टॅलोस'. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तर स्फटिक म्हणजे अतिथंडीने घट्ट गोठलेला बर्फच, असे लिहून मोकळा झाला. शाळेत आम्ही त्याला हसलो होतो. आज मी त्याची थोडी बाजू घेणार आहे.

पण आधी फरक बघू. बर्फ हातात धरला की पाणी होतो, शून्य अंशाला. गारगोटी चुलीत टाका, लोहाराच्या भट्टीत टाका, ती लाल होईल, तडकेल, पण वितळणार नाही. तिला वितळवायला १,७०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते. आणि रसायनशास्त्राचे म्हणणे असे, की या दोघींमधले अणू एकाच जातीच्या बंधाने बांधलेले आहेत. सहसंयुज बंधाने. बंध एका जातीचा, मग मधले हे सतराशे अंश आले कुठून? एवढेच आज मला बोलायचे आहे.

सहसंयुज हा शब्द ऐकला की पुष्कळांच्या पोटात अजून गोळा येतो. माझ्याही यायचा. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्या आमच्या शाळेतल्या सरांनी तो गोळा एका शब्दाने घालवला. ते म्हणाले, 'तुझे आजोबा सावड करायचे का?'

ज्याच्या दावणीला एकच बैल, त्याने पेरायचे कसे? शेजारीही एका बैलाचाच धनी असेल तर दोघे सावड करतात. दोन्ही बैल एका जुवाखाली आणायचे, आज तुझे रान, उद्या माझे. बैल कोणी कोणाला विकलेला नाही. हा म्हणतो माझ्याकडे जोडी आहे, तो म्हणतो माझ्याकडे जोडी आहे, आणि दोघेही खरे बोलतात. आता ट्रॅक्टर आले, सावड राहिली ती म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. पण अणूंच्या गावात अजून हाच व्यवहार चालतो. हायड्रोजनच्या अणूकडे एक इलेक्ट्रॉन असतो. दुसऱ्या हायड्रोजनकडेही एकच. दोघे मिळून जोडी करतात आणि ती दोघांचीही मोजली जाते. हा सहसंयुज बंध. मिठाचे तसे नाही. तिथे सोडियमने आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊनच टाकला आहे. ते खरेदीखत आहे, सावड नव्हे.

जोडीची ही कल्पना १९१६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गिल्बर्ट न्यूटन ल्यूइस यांनी मांडली. तिचे आज चालते ते इंग्रजी नाव मात्र १९१९ मध्ये अर्विंग लँगम्यूर यांनी दिले. लँगम्यूर फर्डे वक्ते होते. त्यांनी ही कल्पना इतकी गावोगाव नेली की लोकांना ती त्यांचीच वाटू लागली, आणि ल्यूइस यांना ते लागले. पुढे १९३२ मध्ये लँगम्यूरना वेगळ्या कामासाठी नोबेल मिळाले. ल्यूइसना ते कधीच मिळाले नाही.

सावडीचा दाखला एका जागी तोकडा पडतो, हेही सांगतो, नाहीतर समोर बसलेले विज्ञानाचे शिक्षक मला नंतर गाठतील. सावडीत पाळी असते, आज इथे, उद्या तिथे. इलेक्ट्रॉनांना पाळी नाही. ती जोडी एकाच वेळी दोन्ही अणूंची असते, आणि तिचा वावर मुख्यतः दोघांच्या मधल्या जागेत. दोन अणुकेंद्रे दोन्ही धनभाराची, एकमेकांना ढकलणारी. पण मधल्या ऋणभाराच्या जोडीची ओढ दोघांनाही, म्हणून दोघे जवळ राहतात. हे नुसते चित्र नाही, हिशेबाने असेच येते, हे १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन या दोघांनी हायड्रोजनच्या रेणूवर दाखवून दिले.

आता सरांची ती गोष्ट सांगतो. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना ती माहीत असेल, कारण ते ती दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचे, आणि तिच्यातला गाढव मी आहे.

वर्गात त्यांनी विचारले, 'पाणी उकळते तेव्हा तुटते काय?' मी पहिल्या बाकावरून उठून ठणकावले, 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात, सर.' ते काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत मला घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले. तिथे शिपाईमामा स्टोव्हवर चहाचे आधण ठेवत होते. सर म्हणाले, 'मामा, जरा लांब व्हा. ह्याच्या म्हणण्याप्रमाणे आत्ता ह्या पातेल्यातून हायड्रोजन निघतोय, वर ऑक्सिजनही निघतोय, आणि खाली जाळ आहे. शाळा उडायची.' मामा खरोखरच दोन पावले मागे सरले. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, 'वाफ म्हणजे काय? पाणीच ना? पाण्याचे रेणू जसेच्या तसे. मग तुटले काय?'

तुटला तो शेजार. सावड तशीच्या तशी आहे.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची दोन हायड्रोजनांशी सावड असते. पण ही सावड बरोबरीची नाही. ऑक्सिजन दांडगा गडी, दोन्ही जोड्या आपल्या बांधाकडे ओढून ठेवतो. त्यामुळे त्याच्या अंगावर थोडा ऋणभार चढतो आणि हायड्रोजन बिचारे थोडे उघडे पडतात, धनभाराचे होतात. मग या रेणूतला उघडा पडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे झुकतो. त्या झुकण्याला हायड्रोजन बंध म्हणतात. नावात बंध असला तरी तो सावडीसारखा पक्का नाही, शेजारधर्म आहे. त्याची नेमकी व्याख्या काय करावी यावर इतकी वर्षे वाद झाले, की आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने नवी व्याख्या जाहीर केली ती थेट २०११ साली. ती ठरवणाऱ्या गटाचे नेतृत्व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ई. अरुणन यांच्याकडे होते.

हिशेब करू. १८ ग्रॅम पाणी घ्या, म्हणजे चहाचे साडेतीन चमचे. तेवढा बर्फ वितळवायला लागते ६ किलोज्यूल ऊर्जा. तेवढ्या उकळत्या पाण्याची वाफ करायला साधारण ४१. आणि त्याच पाण्यातली प्रत्येक सावड मोडायची, एकही ऑक्सिजन-हायड्रोजन जोड शिल्लक ठेवायचा नाही, असे ठरवले तर ९२० ते ९३० किलोज्यूल. चहावाल्याचा स्टोव्ह त्यातल्या पहिल्या दोन आकड्यांशी खेळतो. तिसऱ्याच्या वाऱ्यालाही तो उभा राहत नाही. वाफ दोन हजार अंशांपर्यंत तापवली तरी तिच्यातले थोडेच रेणू फुटतात.

आता दोन्ही ताटल्यांकडे पुन्हा बघा. बर्फाच्या रेणूत असे दोन जोड, त्यातला एक ऑक्सिजन-हायड्रोजन जोड मोडायला, त्याच मापाने, सुमारे ४६० किलोज्यूल लागतात. गारगोटी म्हणजे सिलिका, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. तिच्यातला सिलिकॉन-ऑक्सिजन जोड मोडायला सुमारे ४५०. म्हणजे जवळजवळ बरोबरी, उलट बर्फाचाच जोड किंचित सरस. हा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले की छापताना चूक झाली असावी. आपण आयुष्यभर समजत आलो की दगड टणक म्हणजे त्याचा बंध टणक, आणि बर्फ विरतो म्हणजे त्याचा बंध कच्चा. पण बंधांची ताकद सारखीच आहे. फरक इतकाच, की बर्फात सहसंयुज बंध रेणूच्या कुंपणापाशी संपतो आणि गारगोटीत तो संपतच नाही.

बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार ऑक्सिजन असतात, चार दिशांना, बरोबर चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर. शेजारच्या दोन ऑक्सिजनांच्या मध्ये एकच हायड्रोजन बसलेला. पण तो अगदी मधोमध नाही. एकाच्या कुशीत आहे, तिथे सावड. दुसऱ्याकडे नुसता तोंड करून आहे, तिथे शेजार. ही मांडणी बर्नाल आणि फाउलर यांनी १९३३ मध्ये सुचवली आणि १९३५ मध्ये लायनस पॉलिंग यांनी तिचा हिशेब पुरा केला. गारगोटीत काय आहे? प्रत्येक सिलिकॉनभोवती चार सिलिकॉन, तसेच चार दिशांना. शेजारच्या दोघांच्या मध्ये एक ऑक्सिजन. पण या ऑक्सिजनची सावड दोन्ही बाजूंना आहे. शेजारावर सोडलेला कोपराच नाही. सिलिकाचे ट्रिडिमाइट नावाचे एक रूप आहे, ते खूप जास्त तापमानाला बनते. त्यातल्या सिलिकॉनांची मांडणी आणि साध्या बर्फातल्या ऑक्सिजनांची मांडणी एकच आहे, एकावर एक ठेवून बघावी अशी. प्लिनीला हे कळायचे काही कारण नव्हते. तरी त्याने मारलेला शेरा अगदीच टाकाऊ नव्हता, एवढे आता म्हणायला हरकत नाही.

म्हणून गारगोटीला रेणू नसतो. तुम्ही या ताटलीतला एक खडा उचलला तर तो सगळाच्या सगळा एक रेणू म्हणायला हवा. त्याला वितळवायचे म्हणजे सावडीच मोडायच्या, दुसरे तिथे मोडण्यासारखे काही नाहीच.

या गारगोट्या आपल्या रानात आल्या कशा, हेही जाता जाता सांगतो. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थंडावला, पोकळ्या राहिल्या. मग गरम पाणी खडकातून झिरपताना सिलिका विरघळवून आणत राहिले आणि त्या पोकळ्यांत ती आतल्या बाजूने चढत गेली. विहीर खोदणारे बरोबर ओळखतात. वर मुरूम, मग कुठे मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. मांजऱ्यात पांढरे ठिपके, पांढऱ्या गाठी दिसतात ना, त्या या भरलेल्या पोकळ्या. त्यातल्या एका पांढऱ्या दगडाकडे मी पुढे येणार आहे.

आता थोडे भांडण. वहीत आपण सगळ्यांनी एक यादी उतरवली आहे: सहसंयुज संयुगांचा द्रवणांक व उत्कलनांक कमी असतो, ती पाण्यात विरघळत नाहीत, विजेची दुर्वाहक असतात. तीन मुद्दे, तीन गुण. मी स्वतः शिकवायला लागल्यावर हीच यादी फळ्यावर लिहिली आहे, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा हा प्रश्न नाही. पण पहिला मुद्दा या गारगोटीने मोडला. दुसऱ्या मुद्द्यासाठी घरात जा. एक लिटर पाण्यात मीठ विरघळते साधारण ३६० ग्रॅम. साखर? जवळजवळ दोन किलो. मीठ आयनिक, साखर सहसंयुज. युरियाही सहसंयुजच. ओंजळीतल्या पाण्यात मूठभर युरिया टाकून बघा, विरघळता विरघळता हात गार पडतो. तिसरा मुद्दा बराचसा खरा आहे. मोटरीच्या केबलवरचे पीव्हीसी त्याच भरवशावर आहे, नाहीतर ओल्या रानात कोणी मोटर चालू करायला धजला नसता. पण पेन्सिलीतले ग्रॅफाइट सहसंयुज असून वीज वाहून नेते. आणि ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला आपण जे हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतो, ते मुळात एक सहसंयुज वायू. पाण्यात शिरताच त्याची सावड मोडते, आयन होतात आणि वीज वाहू लागते.

यादी खोटी नाही, पण ती वेगळ्याच गोष्टीची यादी आहे. ती बंधाचे गुण सांगत नाही, बंध जिथे संपतो त्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेचे गुण सांगते. तेल पाण्यात विरघळत नाही आणि साखर विरघळते, हा दोन शेजारांमधला फरक आहे. साखरेच्या रेणूत ४५ अणू, कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११. त्यातल्या बहुतेक ऑक्सिजनांवर एकेक उघडा पडलेला हायड्रोजन. पाण्याला अशी माणसे ओळखीची वाटतात, ते त्यांना हाताला धरून घेऊन जाते. तेलाच्या लांब साखळीत धरायला तसा हातच नाही.

उसाच्या गावात बोलतो आहे, तेव्हा साखरेवर जरा रेंगाळतो. चहात साखर विरघळली तेव्हा एकही सहसंयुज बंध तुटला नाही. चहा आटवला तर साखर परत मिळेल. (कोणी करू नका, घरी बोलणी बसतील.) पण तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडून राहिला, गाडी आली नाही, टोळी निघून गेली, तर त्या उसात खरोखर बंध तुटतात. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, मध्ये ऑक्सिजनचा एक पूल. ऊस तुटला की त्यातले इन्व्हर्टेज नावाचे विकर कामाला लागते, तो पूल पाण्याचा एक रेणू घालून मोडते. सुटे झालेले ग्लुकोज-फ्रुक्टोज साखरेसारखे दाणे धरत नाहीत, उलट दुसऱ्यांनाही धरू देत नाहीत. ते मळीत जातात. कारखान्यावर उतारा घटतो आणि वादावादी होते. उकळत्या पाण्यालाही न मोडणारी सावड एक विकर गारठ्याच्या रात्री फडात पडलेल्या उसात मोडून ठेवते. विकर शक्तीने तोडत नाही, युक्तीने तोडते. सावड मोडायची सोपी वाट दाखवते.

हेच आपल्या बायका सणावाराला मुद्दाम करतात. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात, पाकात पुन्हा साखरेचे खडे धरू नयेत म्हणून. लिंबाचे आम्ल आणि उकळी मिळून थोड्या साखरेचे तेच पूल मोडतात. मधमाशीही हेच करते, फक्त लिंबाऐवजी विकराने.

पुलाची दिशा बदलली तर काय होते, ते ज्वारीच्या एकाच ताटात बघायला मिळते. कणसातल्या दाण्यात स्टार्च, ग्लुकोजची साखळी. खालच्या कडब्यात सेल्युलोज, तीही ग्लुकोजचीच साखळी. अणू तेच, जोडही ऑक्सिजनचाच. फक्त एकात पूल एका बाजूने बांधला आहे, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूने. भाकरी आपण पचवतो, कडबा आपल्याला पचत नाही. बैलालाही खरे तर पचत नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव तो पूल मोडून देतात. आणि कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. सुती सदऱ्याला इस्त्री करण्याआधी आपण पाण्याचा हबका मारतो, तेव्हा साखळ्यांना धक्का लागत नाही. साखळ्यांमधला शेजार पाण्याने सैल होतो आणि इस्त्री त्याला सरळ रेषेत पुन्हा बसवते.

मळीकडे परत येतो, कारण तिच्यापासून इथेनॉल करतात, आणि पेट्रोलच्या टाकीत आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल जाते. यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूतून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू काढते. हा कार्बन डायऑक्साइड आमच्या गारगोटीचा भाऊबंद. कार्बन आणि सिलिकॉन आवर्तसारणीत एकाच घरातले, वर-खाली. तरी कार्बनचा ऑक्साइड बाटलीतून फसफसत निघून जातो आणि सिलिकॉनचा ऑक्साइड नांगराचा फाळ बोथट करतो. कार्बन लहान आहे. ऑक्सिजनच्या अगदी जवळ जाऊन तो एकेकाशी दुहेरी सावड करू शकतो. दोन ऑक्सिजनांत त्याचे चारही हात गुंततात आणि रेणू मिटतो. सिलिकॉन मोठा. त्याला तितकी जवळीक जमत नाही, म्हणून तो चार हातांनी चार वेगवेगळे ऑक्सिजन धरतो. ते ऑक्सिजन पुढचे सिलिकॉन धरतात, आणि गाव वाढतच जाते.

इथेनॉलमधून पाणी काढणे हा मोठा चिवट उद्योग आहे. ऊर्ध्वपातन करत गेले की ९५-९६ टक्क्यांपाशी गाडी अडते. त्या प्रमाणाला पोचले की दोघे एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायला तर जवळजवळ कोरडे इथेनॉल हवे. तिथे मांजऱ्या खडकातल्या त्या पांढऱ्या दगडाची जात उपयोगी पडते. झिओलाइट. स्वीडनच्या क्रॉनस्टेटने १७५६ साली असा दगड तापवला तर तो बुडबुडत उकळायला लागला, म्हणून त्याने ग्रीकमधून 'उकळणारा दगड' असे नाव ठेवले. त्याच्या आत सिलिका-ॲल्युमिनाची जाळी असते आणि जाळीत बिळे. कारखान्यात वापरतात ते झिओलाइट मुद्दाम बनवलेले असते. त्याच्या बिळाचे तोंड मिलीमीटरचे ३३ लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा बाहेर राहतो. नैसर्गिक झिओलाइटसाठी आपला दख्खनचा खडक जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहे, आणि आपण विहिरीतून काढून ते रस्त्याच्या भरावात टाकतो. आता या दगडात जाळी सहसंयुज म्हणावी तर तिच्यात सोडियम-पोटॅशियमचे आयन बसलेले असतात. सावड आणि खरेदीखत एकाच घरात. परीक्षेत विचारू नये असा हा पदार्थ.

शेवटचे एक दाखवतो आणि थांबतो. मागच्या रांगेतल्या पोरांना पुढे येऊ द्या. दिवे घालवा. बाहेरचाही.

(सभागृहातील दिवे घालवण्यात आले.)

डोळे अंधाराला सरावू द्या, दोन-तीन मिनिटे लागतील. ही खडीसाखर आहे, जाड खड्याची. पकडीत धरून फोडतो. दिसले? निळसर. पुन्हा. फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये छापलेल्या ग्रंथात याची नोंद केली आहे, तेव्हा जादू समजू नका. खडा चिरतो तो मुख्यतः रेणूंच्या मधून, शेजाराच्या रेषेवरून. चिरेच्या दोन बाजूंवर उलटसुलट भार साठतो, ठिणगीसारखा उडी मारतो, आणि मधल्या हवेतला नायट्रोजन चमकतो. आता दोन गारगोट्या एकमेकींवर घासतो. हा उजेड वेगळा, पिवळट-नारिंगी, आणि जळका वास येतो आहे ना? इथे शेजार नाही. घासताना सिलिकॉन-ऑक्सिजनच्या सावडीच मोडत आहेत. पोरांनो, घरी करा, पण जास्त घासू नका आणि धूळ फुंकू नका. नुकत्याच फुटलेल्या सिलिकाच्या कणाला ही मोडक्या सावडीची टोके उघडी असतात, ती फुप्फुसाला फार वाईट. गुजरातेत खंभातला अकीकाचे दगड घासणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या या धुळीने खोकत मेले आहेत, आणि तो अकीकही सिलिकाच.

लावा दिवे.

(दिवे लावण्यात आले.)

बर्फाच्या ताटलीत आता पाणीच आहे, ते कुंडीत ओता. खडीसाखर उरली ती पोरांत वाटून टाका. गारगोट्या मात्र मोजून सात आहेत. विहिरीवाल्याला मी सात सांगून आणल्यात, मला इथे सहाच दिसतात.